टॅगचं नाव ठेवताना: तारापूर एक की तीन?

पाणीवाटपासारख्या विषयावर गावकऱ्यांबरोबर खेळ खेळून संशोधन करायचं तुमच्या मनात असेल, तर कधी ना कधी तुम्ही टेबलटॉप सिम्युलेटर उघडाल. त्यात पटावरच्या प्रत्येक तुकड्याला आपल्या मनाचा टॅग देता येतो आणि लुआ भाषेतली स्क्रिप्ट त्यावरून तुकडे शोधते. ‘अमुक टॅगचे सगळे दे’ एवढी एक आज्ञा पुरते. पण संगणक अर्थ बघत नाही, अक्षरं जुळवतो.

माझा पट बोईसर-तारापूरचा. मी बिनधास्त ‘तारापूर’ हा टॅग ठेवून मोकळी झाले. आता बघा: तारापूर हे खाडीकाठचं गाव, किल्ल्याचं. तारापूर ही एमआयडीसी, पण ती बोईसरला लागून. आणि तारापूर हे १९६९ पासून वीज देणारं अणुवीज केंद्रही! स्क्रिप्टला मी कारखान्यांचं सांडपाणी ‘तारापूर’वर टाकायला सांगितलं, तर ते गावाच्या विहिरीवरही पडलं. खेळणाऱ्यांना वाटलं विहीर गेली, आणि त्यांनी पुढची पिकं तशी निवडली. सहा फेऱ्यांच्या नोंदी मला टाकून द्याव्या लागल्या. लोकांनी शेतातलं काम सोडून दिलेला दिवस गेला तो वेगळाच.

आता मी आधी प्रकार लिहिते, मग ठिकाण, मग क्रमांक: ‘गाव_तारापूर’, ‘एमआयडीसी_तारापूर’, ‘विहीर_तारापूर_०३’. क्रमांक दोन अंकी, नाहीतर यादीत १० हा २ च्या आधी येतो. ‘दूषित’ हा टॅग मात्र वेगळाच ठेवायचा. विहीर कायम विहीरच राहते, पण दूषित आज असेल, उद्या नसेल. बदलणारी गोष्ट नावात घातली की प्रत्येक फेरीत नाव बदलत बसावं लागतं. दुसऱ्या कुणाची स्क्रिप्ट उसनी आणली असेल तर सगळ्या टॅगांपुढे आपल्या प्रकल्पाचं छोटं नाव जोडा. त्यांचीही एखादी ‘विहीर’ असतेच.

देवनागरीत टॅग ठेवणार असाल तर एक जास्तीचा ताप आहे. ‘तारापूर’ आणि ‘तारापुर’ हे दोन टॅग. ते निदान डोळ्यांना दिसतं. पण ‘शेतकऱ्यांची’ मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक सलग अक्षर किंवा र आणि खाली नुक्ता. दिसायला सारखेच, पण लुआच्या लेखी वेगळे. म्हणून टॅग दरवेळी हाताने टाइप करू नका. स्क्रिप्टच्या वरच्या भागात एकदाच लिहा आणि तिथूनच वापरा.

‘पालघर’ नुसतं तर कधीच लिहू नका. जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधीच्या, २०११ च्या जनगणनेत पालघर हा ठाणे जिल्ह्यातला तालुका आहे. लोकसंख्येचे आकडे तिथून घेणार असाल तर टॅग ‘तालुका_पालघर’ हवा, आणि वसई, डहाणू त्यात येणार नाहीत. माझ्या जुन्या फाइलीत नुसतं ‘पालघर’ चाळीस ठिकाणी आहे. ते एकेक करून तपासणं या आठवड्याचं काम.