साधन-वर्णन (कृत्रिम बुद्धिमत्ता)

साधन-वर्णन म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एजंटसाठी लिहिलेला, एखाद्या संगणकीय साधनाची ओळख करून देणारा मजकूर होय. साधन काय करते, ते केव्हा वापरावे, त्याला कोणती माहिती पुरवावी आणि त्याच्याकडून काय परत मिळते, हे या मजकुरात सांगितलेले असते. एजंटमधील भाषा मॉडेलला साधनाची आतील आज्ञावली सहसा दिसत नाही; साधनाचे नाव, वर्णन आणि पॅरामीटरची यादी एवढेच त्याच्यापुढे असते. त्यामुळे साधनाची निवड आणि त्याचा वापर बराचसा या मजकुराच्या स्पष्टतेवर अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

ओपनएआय या कंपनीने जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलसाठी 'फंक्शन कॉलिंग' ही सुविधा खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा खुला संकेत प्रसिद्ध केला. दोन्हींत साधनाचे नाव, वर्णन व पॅरामीटरचा आराखडा देण्याची सोय आहे. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये 'महाअ‍ॅग्री-एआय धोरण २०२५-२०२९' मंजूर केले. शेतीचा सल्ला मराठीतून देणारी संगणकीय सेवा वाढू लागल्याने हा विषय राज्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा झाला आहे.

उदाहरण : खान्देशातील बाजारभाव

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना बाजारभाव सांगणारा एजंट तयार करायचा आहे, असे समजू. त्याच्या साधनाचे वर्णन 'शेतमालाचे भाव देते' एवढेच असेल, तर ते चूक नाही. परंतु अपुरे आहे. भाव कोणता, कोठला, कोणत्या दिवसाचा आणि किती वजनाचा, हे त्यातून कळत नाही. अधिक उपयुक्त वर्णन पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

'महाराष्ट्रातील कृषी उत्पन्न बाजार समितीत नोंदवलेले किमान, कमाल व सर्वसाधारण दर देते. दर रुपये प्रति क्विंटल असतात. मागितलेल्या दिवशी व्यवहार झाला नसल्यास शेवटच्या नोंदीचा दर व तिची तारीख देते. नोंदच नसेल तर "नोंद नाही" असे उत्तर येते. त्याचा अर्थ शून्य दर असा नव्हे. हमीभावासाठी हे साधन वापरू नये.'

यातील शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. कापसाचा बाजारभाव रोज बदलतो, तर हमीभाव केंद्र सरकार हंगामापूर्वी जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव प्रति क्विंटल ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. एजंटकडे दोन्ही साधने असतील आणि वर्णनांत हा भेद नसेल, तर 'कापसाला काय भाव आहे?' या प्रश्नाला हमीभावाचा आकडा दिला जाण्याची शक्यता असते. त्या आकड्याच्या भरवशावर गाडी भरून नेलेल्या शेतकऱ्याला भाडे अंगावर पडल्यावर खरा दर कळतो.

पॅरामीटरचे वर्णन

प्रत्येक पॅरामीटरचा अर्थ, एकक व ग्राह्य मूल्ये स्वतंत्रपणे सांगावी लागतात. 'ठिकाण' या शब्दातून गाव, तालुका, जिल्हा की बाजार समिती अभिप्रेत आहे, हे उमगत नाही. 'खान्देश' हे आज कोणत्याही जिल्ह्याचे नाव नाही. जुन्या खान्देश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. त्यांतून आजचे जळगाव व धुळे जिल्हे आले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. म्हणून वापरकर्त्याने 'खान्देश' म्हटल्यास कोणते जिल्हे घ्यावेत, हे वर्णनात नमूद करणे इष्ट ठरते.

धरणसाठ्याच्या साधनात अशीच अडचण येते. गिरणा धरण नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यात आहे; परंतु त्याचे पाणी प्रामुख्याने जळगाव जिल्ह्याला मिळते. साधन धरणाच्या स्थानानुसार शोध घेत असेल, तर जळगावचा शेतकरी विचारीत असलेले धरण जळगावच्या यादीत सापडणार नाही. शिवाय साठा टक्क्यांत, दशलक्ष घनमीटरमध्ये की टीएमसीमध्ये आहे, हेही सांगावे लागते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर होत.

मर्यादांचा उल्लेख

साधन काय करत नाही, हे सांगणे चांगल्या वर्णनाचा भाग मानले जाते. रावेर व यावल भागातील केळीच्या व्यवहारात मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरच्या बाजाराचा दर महत्त्वाचा असतो. साधनात केवळ महाराष्ट्रातील बाजार समित्या असतील, तर हा दर त्यात नाही, असे स्पष्ट लिहावे. गावात येऊन व्यापारी करतात ती खेडा खरेदीही बाजार समितीच्या दरात दिसेलच असे नाही. मर्यादा ठाऊक नसलेला एजंट अपुरी माहिती पूर्ण असल्याच्या थाटात सांगू शकतो.

लेखन व चाचणी

वर्णन लांबवल्याने ते स्पष्ट होतेच असे नाही. साधनांची वर्णने मॉडेलच्या मर्यादित वाचनकक्षेत जागा व्यापतात. त्यामुळे स्तुतिपर विशेषणे व पुनरुक्ती टाळतात. समान कामाची दोन साधने असल्यास ती एकत्र करतात किंवा प्रत्येकाचे क्षेत्र दुसऱ्याच्या तुलनेत सांगतात. चाचणीसाठी लोक प्रत्यक्ष विचारतात तसे प्रश्न वापरतात. 'कपाशी' व 'कापूस' हे दोन्ही शब्द, अहिराणी वळणाची वाक्ये आणि तारखेऐवजी 'काल', 'परवा' असे शब्द त्यांत असणे आवश्यक असते. 'परवा' हा शब्द मागील व पुढील अशा दोन्ही दिवसांसाठी वापरला जातो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

सुरक्षितता

मॉडेल वर्णनाला सूचनेप्रमाणे मानू शकत असल्याने त्याचा गैरवापर होऊ शकतो. वर्णनात घातक आदेश दडवण्याच्या प्रकाराला 'टूल पॉयझनिंग' म्हणतात. म्हणून बाहेरून घेतलेल्या साधनाचे वर्णन माणसाने वाचून पाहणे आवश्यक ठरते. केवळ माहिती वाचणारे साधन आणि अर्ज भरणे, पैसे पाठवणे यांसारखी कृती करणारे साधन यांतील फरक वर्णनात ठळकपणे मांडतात. मात्र कृतीपूर्वी वापरकर्त्याची संमती घेण्याची व्यवस्था केवळ वर्णनावर न सोडता आज्ञावलीतच करणे अधिक सुरक्षित असते.