परिचारिका चार वर्षे काय शिकते?

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की संगमनेर, अकोले, सिन्नर या पट्ट्यातील अनेक शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या घरांत एक हिशेब मांडला जातो. मुलीने विज्ञान शाखा घेतलेली असते, जीवशास्त्रात तिला गुणही बरे मिळालेले असतात. परंतु वैद्यकीय प्रवेशाचा आकडा काही गाठता आलेला नसतो. 'नर्सिंग' हा शब्द घरात प्रथम उच्चारला जातो तो बहुधा अशा वेळी, आणि तोही जरा दबक्या आवाजात. सुया टोचायला आणि बेडपॅन उचलायला चार वर्षे कशाला हवीत, असा प्रश्न वडीलधाऱ्यांपैकी कोणी तरी विचारतोच. हा प्रश्न अज्ञानातून येत असला, तरी तो निरर्थक मात्र नाही. त्याचे उत्तर द्यावयाचे तर चार वर्षांचा अभ्यासक्रमच उघडून पाहावा लागतो, आणि ते काम पालक सहसा करीत नाहीत.

१९४७ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली बी. एस्सी. नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम लागू केला. वार्षिक परीक्षेची जुनी पद्धत जाऊन आठ सत्रे आली. महाराष्ट्रातील बहुतेक परिचर्या महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत; १९९८ साली हे विद्यापीठ स्थापन झाले. संगमनेरच्या शेजारी लोणीला प्रवरा अभिमत विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय आहे, आणि १९८४ साली सुरू झालेल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाची त्याला जोड आहे. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून ही पदवी देत आले आहे. तेव्हा हे शिक्षण काल-परवा निघालेले नाही.

पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, व्यावहारिक इंग्रजी आणि परिचर्येची मूलतत्त्वे हे विषय येतात. दुसऱ्यात जीवरसायन, आहारशास्त्र व माहिती-तंत्रज्ञान यांची भर पडते. ही यादी वाचून एखाद्यास वाटावे की हे तर वैद्यकाचेच थोडे पातळ केलेले रूप. तसे ते नाही. डॉक्टर रोगाचे निदान करून पुढच्या रुग्णाकडे जातो. परिचारिका आठ तास त्याच माणसाजवळ असते. तिला लागणारे शरीरशास्त्र त्या आठ तासांचे असते. पहिल्या वर्षातच विद्यार्थिनीला सुमारे ४८० तास वॉर्डात काढावे लागतात, आणि तत्पूर्वी प्रयोगशाळेत पुतळ्यावर हात बसवावा लागतो.

उदाहरणादाखल एकच साधी गोष्ट घ्यावी : शय्याव्रण, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला पडणारी जखम. माकडहाड, टाचा, खांद्याची पाती या ठिकाणी कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस फारसे नसते, हे शरीररचना सांगते. सततच्या दाबाने तेथील बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि पेशी मरू लागतात, हे शरीरक्रियाशास्त्र सांगते. आहारात प्रथिने कमी असतील तर जखम भरत नाही, हे आहारशास्त्राचे काम. आणि ओलसर कातडीवर जंतू कसे वाढतात, हे सूक्ष्मजीवशास्त्राचे. या चार शास्त्रांचा मिळून निष्कर्ष एका ओळीत मावतो : दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदला, त्वचा कोरडी ठेवा, चादरीला सुरकुती पडू देऊ नका. ओळ कोणीही पाठ करील. रात्री तीन वाजता, एकट्याने, विसाव्या रुग्णाच्या बाबतीत ती पाळणे ही निराळी गोष्ट आहे.

ती पाळली गेली तर काय होते, याचा दाखला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर रुग्णालयातच अमानुष अत्याचार झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्यांना पुन्हा शुद्धजीवन लाभले नाही. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर जवळजवळ ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. दयामरणाच्या अर्जावर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एका गोष्टीची आवर्जून नोंद केली. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हते. ज्यांनी त्यांना कधी चालता-बोलता पाहिलेच नव्हते, अशा परिचारिकांच्या पिढ्यांनी ती कूस बदलली होती. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातील एक प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे असे पुरावा म्हणून उभे राहिले.

दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र आणि प्रौढ रुग्णांची परिचर्या हे विषय येतात. येथे गणिताची भीती बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांची खरी कसोटी लागते. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यावयाचे आहे आणि नळी मिलिलिटरला २० थेंब पाडणारी आहे. तर मिनिटाला थेंब किती? उत्तर सुमारे ४२. त्रैराशिकाचे हे उदाहरण सातवीच्या मुलालाही सुटेल. मात्र येथे उत्तर चुकले तर गुण जात नाहीत, लहान मुलाच्या वा हृदयरोग्याच्या फुप्फुसांत पाणी साचते. इन्सुलिनचे त्याहून नाजूक. आपल्याकडे मिलिलिटरला ४० एकक आणि मिलिलिटरला १०० एकक अशा दोन्ही शक्तींची इन्सुलिने मिळतात, आणि त्यांच्या पिचकाऱ्याही वेगवेगळ्या असतात. १०० शक्तीचे औषध ४० च्या पिचकारीने भरले तर अडीच पट मात्रा शरीरात जाते. कुपीवरील आकडा वाचण्याची सवय हाच येथे अभ्यास. सुई टोचणे हा त्यातला सर्वात सोपा भाग.

पुढच्या सत्रांत बालपरिचर्या, मनोरुग्णांची परिचर्या, सामाजिक आरोग्य, प्रसूतिविद्या, व्यवस्थापन, संशोधन व संख्याशास्त्र येते. संख्याशास्त्राचे नाव ऐकून काहींना नवल वाटते. परंतु आधुनिक परिचर्येची जननी मानली जाणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्वतः संख्याशास्त्रज्ञ होती. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रुग्णालयातील घाणीने अधिक मेले, हे तिने आकड्यांच्या आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरविले. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. तरी येथील सांडपाणी व पाणीपुरवठा यांवर तिने वर्षानुवर्षे लेखणी झिजवली. कंदील घेऊन फिरणारी दयाळू स्त्री एवढेच तिचे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांनी शिल्लक ठेवले, हा तिच्यावर अन्यायच म्हटला पाहिजे.

पाचव्या सत्रात न्यायवैद्यक परिचर्या आणि भारतीय कायदे असा एक छोटा विषय आहे. अत्याचारग्रस्त स्त्री वा बालक प्रथम कोणाच्या समोर येते? बहुतेक वेळा परिचारिकेच्या. कपडे कसे जपून ठेवावेत, काय लिहून ठेवावे, काय विचारू नये, हे तिला ठाऊक नसेल तर पुरावा तेथेच नष्ट होतो. आठव्या सत्रात वर्ग जवळजवळ नसतातच. २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, विद्यार्थी रुग्णालयात आणि गावांत काम करतात.

हा विस्तार कोणत्या मुळापासून झाला हे पाहण्याजोगे आहे. १८९१ साली बाई काशीबाई गणपत या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्रशिक्षणासाठी आल्या. तेथे आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून परिचर्येच्या इतिहासात त्यांची नोंद होते. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे कार्य उभे केले आणि ससून रुग्णालयात स्त्रियांच्या परिचर्याशिक्षणाची सोय करून घेतली. त्यांत विधवा होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचा धंदा म्हणून समाजाने नाके मुरडली, आणि त्याच समाजाची माणसे आजारी पडल्यावर याच स्त्रियांनी त्यांची शुश्रूषा केली. १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा देशात परिचारिका होत्या सुमारे ७,०००. म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले.

अभ्यासक्रम उत्तम आहे, हे मान्य करूनही दोन अडचणी नजरेआड करता येत नाहीत. पहिली भाषेची. शिक्षण आणि परीक्षा दोन्ही इंग्रजीत. अकोल्याच्या डोंगराळ भागातून मराठी माध्यमात शिकून आलेली हुशार मुलगी पहिल्या सत्रात विषयाने गडबडत नाही, भाषेने गडबडते. एका सत्राच्या व्यावहारिक इंग्रजीने ही दरी बुजत नाही. उलट वॉर्डात तिची खरी भाषा कामाला येते. 'कळ येते', 'आग होते', 'ठणका लागतो', 'मुंग्या येतात' ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. हा भेद ओळखून तो इंग्रजी नोंदवहीत अचूक उतरविणे हे भाषांतराचे अवघड काम ती रोज करते, आणि त्याला अभ्यासक्रमात गुण नाहीत.

दुसरी अडचण वॉर्डाची. परिषदेचे प्रमाण असे की अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, अन्य रुग्णालयांत पाचांमागे एक, आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक. विद्यार्थिनी हे प्रमाण परीक्षेत लिहिते आणि दुसऱ्या दिवशी जेथे एकटी परिचारिका साऱ्या वॉर्डाची रात्र काढते तेथे जाऊन उभी राहते. अशा ठिकाणी जबाबदारी कोणाची, हा प्रश्न नगर जिल्ह्याला ६ नोव्हेंबर २०२१ रोजी फार कठोरपणे भेडसावला. जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. पुढे एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली व परिचारिकांच्या संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. आगीपासून रुग्णांची सुटका कशी करावी हे परिचर्येच्या अभ्यासात आहे. इमारतीची अग्निशमन यंत्रणा उभी करणे मात्र परिचारिकेच्या हातात नाही.

वेतनाचे पाहू जाता, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेस महिना २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावे, आणि २०० हून अधिक खाटा असतील तेथे ते सरकारी वेतनाइतके असावे. शिफारस राज्यांकडे गेली. संगमनेरसारख्या शहरात पुणे-नाशिक रस्त्यावरचे आणि अकोल्याकडून येणारे रुग्ण मोठ्या संख्येने खासगी दवाखान्यांतच दाखल होतात, आणि अशा गावांतील बहुतेक दवाखाने लहान असतात. म्हणजे ही शिफारस ज्यांच्यासाठी खरी महत्त्वाची, त्या परिचारिका अशाच गावांत आहेत.

२०१८ नंतर पदवीधर परिचारिकांपुढे आणखी एक वाट खुली झाली : उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी. रक्तदाब व मधुमेहाची तपासणी, गरोदर स्त्रियांची नोंद, ठरावीक औषधे देणे आणि गरज पडल्यास दूरध्वनीवर डॉक्टरांचा सल्ला घेणे ही तिची कामे. नव्या अभ्यासक्रमात त्यासाठीचे शिक्षण अंतर्भूत आहे. याच जिल्ह्यात जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनाही गावाच्या आरोग्याची सूत्रे सांभाळता येतात हे दाखवून दिले होते. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मग चार वर्षे शास्त्र शिकलेल्या पदवीधर मुलीला उपकेंद्र चालविणे का जड जावे? फक्त तिची नेमणूक आजही कंत्राटी असते, हे पालकांनी आधीच ध्यानात घेतलेले बरे.

प्रवेश घेण्यापूर्वी पालक शुल्क विचारतात, वसतिगृह विचारतात. एक प्रश्न ते विचारीत नाहीत : महाविद्यालयाचे स्वतःचे रुग्णालय किती खाटांचे आहे, आणि त्या खाटांवर माणसे असतात काय? परिषदेच्या नियमाप्रमाणे पदवी महाविद्यालयास किमान १०० खाटांचे स्वतःचे रुग्णालय हवे. इमारत नवी, प्रयोगशाळा चकचकीत, पुतळे परदेशी, आणि वॉर्ड मात्र रिकामे, अशा ठिकाणी नाडी कशी मोजावी हे कळते. नाडी बिघडली हे बोटांना कळत नाही. पालकांनी दुपारी बारा वाजता बाह्यरुग्ण विभागात जाऊन उभे राहावे, प्रसूतिगृहात महिन्याला किती बाळंतपणे होतात ते विचारावे आणि तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीची नोंदवही पाहू द्यावी अशी विनंती करावी.