वेणा नदीचे पूर, हिंगणघाट

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट या तालुक्याच्या ठिकाणी वेणा नदीला येणारे पूर व त्यांपासून संभवणाऱ्या धोक्याचे मापन. वेणा (वणा) ही वर्धा नदीची उपनदी नागपूर जिल्ह्यात उगम पावते. बोर, धाम व नंद या नद्यांचे पाणी घेऊन ती हिंगणघाटवरून पुढे वर्धेस मिळते. उन्हाळ्यात क्षीण धारेने वाहणारी ही नदी पावसाळ्यात काही तासांतच पात्राबाहेर पडू शकते.

हिंगणघाटचा पूरधोका नव्याने लक्षात आलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गॅझेटियरांत या गावाचे दोन भाग सांगितलेले असून जुने गाव नदीच्या पुराखाली येणारे, तर नवे गाव रुंद रस्ते व झाडांच्या रांगा असलेले, असे त्यांचे वर्णन आढळते. बनी कापसाच्या व्यापाराने आलेल्या भरभराटीत सुस्थितीतील लोक नव्या भागात राहावयास गेले. सखल भाग ज्यांना जागा बदलणे परवडत नव्हते त्यांच्याकडे राहिला. ही विभागणी अनेक नदीकाठच्या गावांत दिसते व पूरधोक्याच्या मापनात ती पाण्याच्या उंचीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. जुलै २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यात झालेल्या अतिवृष्टीत हिंगणघाट व समुद्रपूर तालुक्यांना पुराचा मोठा फटका बसला आणि हिंगणघाट येथे नदीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले.

बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन वायव्येकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे विदर्भावरून जातात, तेव्हा या खोऱ्यात दोनतीन दिवस सलग जोराचा पाऊस पडतो. मात्र केवळ पावसाच्या आकड्यावरून पुराचा अंदाज बांधता येत नाही. खोऱ्यातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते व पहिले पाऊस त्या भेगांत मुरतात. जमीन भिजून फुगली की भेगा मिटतात आणि मुरण्याचे प्रमाण एकदम घटते. त्यामुळे जूनमध्ये निर्धोक ठरलेला १०० मिमी. पाऊस जुलैअखेर वा ऑगस्टमध्ये पूर आणू शकतो. शिवाय वर्धा नदी भरून वाहत असल्यास तिच्या संगमालगतच्या पट्ट्यात वेणेचे पाणी तुंबते.

पूर किती वर्षांतून एकदा येतो, या आकड्याला पुनरावृत्तिकाल म्हणतात. ही संज्ञा लोकांच्या समजुतीचा बराच घोटाळा करते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पूर म्हणजे एकदा येऊन गेल्यावर पुढची ९९ वर्षे न येणारा पूर नव्हे. कोणत्याही वर्षी तो येण्याची संभाव्यता १ टक्का असते, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षे टिकणाऱ्या घराच्या हयातीत असा पूर निदान एकदा येण्याची संभाव्यता सु. २६ टक्के, तर पंचवीस वर्षांच्या पुराची सु. ७१ टक्के असते. महाराष्ट्र शासनाच्या पाटबंधारे खात्याने १९८९ मध्ये ठरविलेल्या पद्धतीत याच दोन पुरांवरून अनुक्रमे तांबडी व निळी पूररेषा आखतात. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, तर दोन रेषांमधील पट्ट्यात नियंत्रित मानले जाते.

मोठ्या नदीवर पाणी मोजण्याची केंद्रे असतात. गावातून वाहणाऱ्या नाल्यांवर ती बहुधा नसतात. तेथे सूत्रांचा आधार घ्यावा लागतो. उदा., २५ चौ. किमी. पाणलोट क्षेत्राच्या नाल्यात ताशी ५० मिमी. पाऊस पडून त्याचा ०·६ भाग वाहून आला, तर सर्वोच्च प्रवाह सेकंदास सु. २०८ घ. मी. येतो. डिकेन्स यांच्या सूत्राने तोच प्रवाह, गुणक १४ ते २८ धरल्यास, सु. १५७ ते ३१३ घ. मी. येतो. म्हणजे एकाच नाल्याचे उत्तर दुपटीने बदलते. कागदावर निश्चित दिसणाऱ्या रेषेमागे एवढी अनिश्चितता दडलेली असल्याने अशा गणितास जुन्या पुरांच्या खुणांची जोड अनिवार्य ठरते. देवळाची पायरी, विहिरीचा कठडा, घराची भिंत यांवरील पाण्याची खूण दिनांकासह समतलन करून नोंदली, तर ती एखाद्या मापनकेंद्राची उणीव थोडीफार भरून काढते. ज्यांनी पूर पाहिला ती माणसे असेपर्यंतच हे काम नीट होऊ शकते.

१:५०,००० प्रमाणाच्या स्थलवर्णन नकाशांवरील समोच्च रेषांत सामान्यतः १० वा २० मी. अंतर असते; घरात पाणी शिरेल की नाही हे मात्र अर्ध्याएक मीटरवर ठरते. म्हणून गावापुरते स्वतंत्र समतलन करावे लागते. (भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रवर्तक विल्यम लॅम्टन यांचा मृत्यू १८२३ मध्ये हिंगणघाट येथेच झाला.) रस्त्यांचे व लोहमार्गाचे भराव पाण्याला आडवे येत असल्याने त्यांखालील मोऱ्यांची वहनक्षमताही मापनात धरावी लागते, मोरी गाळाने वा कचऱ्याने अर्धी भरली, तर वरच्या बाजूची पूररेषा चुकते.

लहान प्रवाहाचा धोका सौम्य असतो, ही समजूत वर्धा खोऱ्यानेच खोटी ठरविली आहे. ३० जुलै १९९१ रोजी नागपूर जिल्ह्यातील मोवाड या गावी वर्धा नदीच्या पुरात दोनशेहून अधिक माणसे दगावली. मोवाड नदीच्या उगमाकडील भागात असून तेथे तिचे पात्र खालच्या भागाइतके विशाल नाही. उगमाकडील तीव्र उतारावर पाणी लवकर एकवटते व लोकांना हलविण्यास वेळ उरत नाही.

वेणेच्या खोऱ्यात धरणे झाल्याने, विशेषतः बोर नदीवरील धरण (१९६५) व वडगाव येथील धरण यांमुळे, पाण्याचा काही भाग अडतो आणि दरवाजे उघडण्यापूर्वी काठच्या गावांना सूचना देता येते. धरणाखाली नदीस मिळणारे नाले मात्र या व्यवस्थेबाहेर राहतात. त्यांचा पूर पाऊस पडल्यापासून एकदोन तासांत गावात येऊ शकतो; तेवढ्या अवधीत इशारा पोचवावयाचा, तर नाल्याच्या वरच्या अंगास पर्जन्यमापक व रात्रीही जागा असणारा माणूस, या दोन्हींची तजवीज आधी करावी लागते.