सर्टिफिकेट भारी की अनुभव?

सीव्हीवर ‘सीसीएनए’ टाकलं की पगार वाढतो, असं सगळेच म्हणतात. वाढतो, पण कुणाचा आणि कधी? फी भरण्याआधी हे गणित एकदा बघून घ्या!

‘गाव कुठलं तुझं?’
‘चिखली.’
‘अरे वा, मग तळवड्याला चालतच जात असशील ऑफिसला!’
‘ती चिखली नाही हो. बुलडाण्याची.’

पुण्यात आयटीत रमलेल्या चिखलीकरांना हा डायलॉग नवा नाही. पिंपरी-चिंचवडमधली चिखली तळवड्याच्या आयटी पार्कजवळ आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखलीला रेल्वे स्टेशनसुद्धा नाही. रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसायचं आणि जालना, संभाजीनगर करत सकाळी पुण्यात उतरायचं. इंजिनिअरिंगची डिग्री मात्र गावातच मिळते. अनुराधा इंजिनिअरिंग कॉलेज तिथं 1993 पासून आहे. अडतं ते पुढे. पुण्यातल्या एचआरसमोर सीव्हींचा ढीग असतो आणि घाटाखालच्या-घाटावरच्या कॉलेजांची नावं काही त्याला पाठ नसतात. मग रूम पार्टनर सल्ला देतो, ‘नेटवर्किंग कर, सीसीएनए दे, लाईफ सेट!’

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

एका अटेम्प्टला किती पोती?

सिस्को कंपनीची सीसीएनए ही परीक्षा 1998 पासून चालू आहे. फी 300 डॉलर, टॅक्स धरून तीस हजारांच्या घरात. क्लासचे पैसे वेगळे. आता हे चिखलीच्या भाषेत मांडू. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. म्हणजे एका अटेम्प्टला साडेपाच क्विंटलहून जास्त सोयाबीन! बाजारात भाव त्याच्याही खाली असेल, तर आणखी पोती. नापास झालात तर फी परत नाही आणि पास झालात तरी सर्टिफिकेट तीनच वर्षं चालतं. त्यामुळे ‘देऊन तर बघू’ हा फंडा इथं परवडत नाही.

पहिल्या नोकरीला कागद बोलतो

आपल्याकडे सर्टिफिकेट म्हटलं की आधी एमएस-सीआयटी आठवतं. सरकारी नोकरीत कित्येक पदांना ती अट असते. केली नसेल तर अडतं, केली म्हणून कुणी पगार वाढवून देत नाही. खासगी आयटीत कागदाचं काम निराळं आहे. मायकल स्पेन्स या अर्थतज्ज्ञानं 1973 मध्ये ते छान मांडलं होतं. नोकरी देणाऱ्याला तुमची कुवत आतून दिसत नाही, म्हणून तो बाहेरच्या खुणा बघतो. डिग्री ही अशीच एक खूण. या प्रकारच्या कामासाठी त्याला 2001 चं नोबेल विभागून मिळालं.

सीसीएनए हीसुद्धा खूणच आहे. ज्याच्याकडे मोठ्या कॉलेजचं नाव नाही, ओळखीचं कुणी नाही, त्याला तिचा फायदा सर्वांत जास्त. पण हा फायदा मुख्यतः इंटरव्ह्यूचा कॉल येण्यात असतो. फ्रेशरच्या पॅकेजमध्ये तिनं फार मोठी उडी पडत नाही.

दुसऱ्या नोकरीला अनुभव बोलतो

पहिली नोकरी बहुतेकदा नॉकमध्ये लागते. नॉक म्हणजे नेटवर्क ऑपरेशन्स सेंटर. स्क्रीनवर लाल दिवा लागला की तिकीट उघडायचं, तपासायचं, नाही जमलं तर वर पाठवायचं. ही झाली एल-वन, म्हणजे पहिली पायरी. शिफ्ट्स, रात्रपाळी, डबा, चहा. इथं दोन मुलं सोबत लागतात आणि तीन वर्षांनी एकाचा पगार दुसऱ्याच्या पुढे निघून जातो. सर्टिफिकेट दोघांकडे तेच असतं.

फरक पडतो रात्री अडीच वाजता. लिंक पडली, कस्टमर फोनवर ओरडतोय. एकजण तिकीट वर ढकलून मोकळा होतो. दुसरा सीनियरच्या शेजारी बसून बघतो की चूक राउटिंगमध्ये होती की केबलमध्ये. पुढच्या इंटरव्ह्यूत पहिल्या काही प्रश्नांतला एक ठरलेला असतो, ‘शेवटचा मोठा आउटेज कुठला आणि तुम्ही काय केलंत?’ याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही. एल-टू, एल-थ्रीचा पगार मिळतो तो या उत्तरासाठी.

आणि पगाराची खरी उडी अप्रेजलमध्ये कमी, नोकरी बदलताना जास्त असते. समजा पॅकेज साडेतीन लाख आणि इन्क्रिमेंट दहा टक्के. वर्षाला 35 हजार, म्हणजे महिन्याला तीन हजारही नाहीत! इन्क्रिमेंटवर बसून राहिलात तर वर्षं वाढतात, खिसा तेवढाच राहतो.

घाई नको राव!

2020 पासून सीसीएनपीसाठी आधी सीसीएनए असण्याची अट राहिली नाही. त्यामुळे थेट वरच्या परीक्षेला बसायचा मोह होतो. पण सिस्कोचाच सल्ला बघा. सीसीएनएसाठी निदान वर्षभराचा अनुभव, सीसीएनपीसाठी तीन ते पाच वर्षं, आठ तासांच्या प्रॅक्टिकलच्या सीसीआयईसाठी पाच ते सात. फ्रेशरला सीसीएनए लवकर द्यावी लागते, ते ठीक. पण अनुभवाशिवाय सीसीआयईच्या मागे लागलात तर गोची होते. फ्रेशरच्या जागेला तुम्ही जास्त, सीनियरच्या जागेला कमी.

दुसरा मोह याहून वाईट. डम्प पाठ करून पास व्हायचं आणि दोन वर्षांचं खोटं एक्सपिरियन्स लेटर विकत घ्यायचं. 2022 मध्ये अ‍ॅक्सेंचरनं भारतात खोटी अनुभवपत्रं दाखवणाऱ्यांना नोकरीवरून काढल्याचं जाहीर केलं होतं. पडताळणी जॉइन झाल्यावरही होते. एकदा डाग लागला की पुढच्या प्रत्येक कंपनीत उत्तर द्यावं लागतं.

मग करायचं काय?

• अभ्यास आधी, फी नंतर. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट आहे. चिखलीत बसूनही रोज लॅब करता येते.
• सीसीएनए पहिल्या नोकरीसाठी. सीसीएनपी तिसऱ्या वर्षानंतर, जमल्यास कंपनीच्या पैशानं. बाँड मात्र नीट वाचा.
• सोडवलेल्या प्रत्येक मोठ्या बिघाडाची चार ओळींची नोंद ठेवा. पुढच्या पगाराची बोलणी तिच्यावरच होणार.
• कामाची जागा फक्त हिंजवडी नाही. ऐरोली, महापे, रबाळेच्या डेटा सेंटर्सकडेही बघा.
• क्लाउड आणि पायथनची तोंडओळख ठेवा. अनुभवही शिळा होतो.

थोडक्यात काय, सर्टिफिकेट तुम्हाला बुलडाण्याच्या चिखलीतून तळवड्याच्या गेटपर्यंत आणून सोडेल. आत गेल्यावर कुणी गाव विचारत नाही आणि कागदही विचारत नाही. लिंक पडते तेव्हा सगळे एवढंच बघतात, की ती कोण उभी करतंय!