कातडीला काय लावावे?

शेताला कुंपण असते. ते कशासाठी? गुरे आत शिरू नयेत म्हणून. आपल्या अंगालाही असेच कुंपण आहे. ते म्हणजे आपली कातडी. ती अंगातला ओलावा आत ठेवते. धूळ आणि रोगाचे जंतू बाहेर ठेवते. कुंपण मोडले की शेत उघडे पडते. कातडीचेही तसेच.

बाजारात कातडीसाठी किती तरी डब्या आणि ट्यूबा मिळतात. कुणी म्हणते, याने खाज जाते. कुणी म्हणते, याने आठ दिवसांत रंग उजळतो. पण दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते. यातल्या काही वस्तू कुंपण राखतात. काही कुंपणच खातात. त्या ओळखायच्या कशा, ते आपण पाहू.

खाजेचे मलम

जांघेत किंवा कमरेला गोल चट्टा उठतो. खाज सुटते. त्याला आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. ही एक प्रकारची बुरशी असते. भाकरीला येते ना, तीही बुरशीच, पण वेगळ्या जातीची. घामाने ओल्या राहिलेल्या जागी ती वाढते.

गडी दुकानात जातो आणि म्हणतो, "खाजेची ट्यूब द्या." पुष्कळ ट्यूबांत स्टिरॉइड नावाचे औषध मिसळलेले असते. ते लावले की दोन दिवसांत खाज थांबते. गडी खूश होतो. पण बुरशी मेलेली नसते. उलट ती आतून पसरते. ट्यूब बंद केली की खाज दुप्पट होते. मग पुन्हा ट्यूब. असे महिनोन्‌महिने चालले की कातडी पातळ होते. तिच्यावर चिरा पडल्यासारखे पट्टे उठतात. ते पट्टे सहसा जात नाहीत. हेच मलम तोंडाला लावले तर तोंड लाल होते, पुटकुळ्या येतात, बायकांच्या गालावर केस वाढतात.

स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. डॉक्टर ते योग्य रोगाला, मोजके दिवस देतात. पण ते आपल्या मनाने लावायचे नाही. 2018 साली सरकारने अशी बरीच मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असले तर ते स्टिरॉइड समजावे. नाव इंग्रजीत असले तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. खोक्यावर उभी लाल रेघ असली तरी थांबा. आधी डॉक्टरांना विचारा.

गोरे करणारी क्रीम

कातडीत एक रंगद्रव्य असते. ते उन्हापासून आपले रक्षण करते. सावळा रंग हा रोग नाही. मग त्याला औषध कशाला?

काही क्रीममध्ये लपूनछपून पारा घालतात. पाऱ्याने रंग थोडे दिवस फिका दिसतो. पण पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाचे काही रोगी आले. ते अशी क्रीम लावत होते, असे डॉक्टरांना आढळले. ही गोष्ट 2023 सालात उघड झाली. क्रीममध्ये पारा घालायला आपल्या देशात मनाई आहे. म्हणूनच असा माल करणारा डबीवर पारा लिहीत नाही. तेव्हा ज्या डबीवर कारखान्याचे नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक आणि तारीख नाही, ती घ्यायचीच नाही. फुकट मिळाली तरी नको.

मग लावावे काय?

कातडीला फार थोडे लागते. आंघोळीला अंगाचा साबण वापरा, कपड्याचा नको. कपड्याच्या साबणाने कातडी कोरडी पडून फुटते. अंग थोडे ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावा. टाचांच्या भेगांनाही जेली चालते. तोंडावर पुटकुळ्या येत असतील, तर तोंडाला तेल लावू नका. लिंबाचा रस, चुना, दात घासायची पेस्ट यांनी कातडी भाजते. ती लावू नका. उन्हात जाताना डोक्याला टॉवेल किंवा पदर घ्या. हा उपाय बिनपैशाचा आहे.

नवी वस्तू एकदम तोंडाला फासू नका. कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज थोडी लावून पाहा. आग झाली, खाज आली की टाकून द्या.

नायटा झाला असेल तर कपडे रोज धुऊन कडक उन्हात वाळवा. टॉवेल वेगळा ठेवा. घरात आणखी कुणाला असेल तर त्यालाही दवाखान्यात न्या. नाही तर एकाचा बरा होतो आणि दुसऱ्याकडून परत येतो. खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा. आधीच स्टिरॉइडची ट्यूब चालू असेल, तर ती घेऊनच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लाजू नका.

मंडळी, आता आपल्याला वाचता येते. आजच घरातली डबी हातात घ्या. कारखान्याचे नाव शोधा. तारीख शोधा. आत काय आहे ते वाचा. नंतरच ती कातडीला लावायची की टाकायची, ते ठरवा.