समाधानी विद्यार्थी कोण?

मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर तपासलेली, आयुष्याबद्दलचे समाधान मोजणारी एक छोटी प्रश्नावली 1985 मध्ये प्रसिद्ध केली. विधाने फक्त पाच. प्रत्येकाला 1 ते 7 गुण, एकूण 5 ते 35. 20 म्हणजे ना समाधान, ना असमाधान. मार्क, पैसा, घर यांबद्दल एकही प्रश्न नाही. आयुष्य कशावरून तोलायचे ते उत्तर देणाऱ्यानेच ठरवायचे, आणि हीच तिची खरी ताकद.

स्वभावाच्या प्रमुख पाच पैलूंपैकी दोन इथे महत्त्वाचे: बहिर्मुखता समाधान वाढवणारी, भावनिक अस्थिरता ते घटवणारी. अबोल मुलांनी मात्र धास्ती घेऊ नये. उलरिश शिमॅक आणि सहकाऱ्यांच्या 2004 मधील अभ्यासात बहिर्मुखतेतला मोलाचा अंश ठरला तो आनंदी वृत्तीचा. चारचौघांत पुढे पुढे करण्याचा नव्हे. अस्थिरतेतही चिंता किंवा चिडचिडीपेक्षा खिन्नतेकडचा कल जास्त भोवतो. म्हणूनच परीक्षेआधी पोटात गोळा येणाऱ्या मुलीइतकेच, किंबहुना जास्तच, लक्ष निकाल चांगला लागूनही आठवडेच्या आठवडे उदास राहणाऱ्या मुलाकडे शिक्षकांनी द्यायला हवे.

डीनर आणि मार्टिन सेलिगमन यांनी 2002 मध्ये 222 विद्यार्थ्यांमधले सर्वांत आनंदी दहा टक्के निवडून पाहिले. त्यांची नाती घट्ट होती, एकट्याने घालवलेला वेळ कमी होता. मन खट्टू होण्याचे प्रसंग त्यांनाही चुकले नव्हते.