शाब्लीचे द्राक्षमळे व वसंतांतील गारठा

फ्रान्समध्यें पॅरिसच्या आग्नेयेस सुमारें १८० किलोमीटरवर शाब्ली नांवाचें लहानसें गांव आहे. त्याच्या भोंवतालच्या टेकड्यांवरील पांढरें द्राक्षमद्य सर्व जगांत नांवाजलेलें आहे. रसांतील बहुतेक साखर आंबतांना संपत असल्यामुळें त्यास गोडी नसते. आंबटपणा मात्र तरतरीत असतो. त्यासाठीं शार्दोने या एकाच जातीचीं द्राक्षें लावितात. जमीन चुनखडीची असून तींत कालवांच्या बारीक शिंपांचे अवशेष सांपडतात. सर्वांत उंची माल देणारा उतार सारा मिळून सुमारें १०० हेक्टर, म्हणजे अडीचशें एकरच आहे.

या मुलखाचा खरा शत्रु गारठा होय. मार्चअखेर वेलींचे डोळे फुटूं लागतात, आणि मेच्या मध्यापर्यंत एखाद्या निरभ्र रात्रीं पारा शून्याखालीं उतरतो. कोंवळी फूट एका रात्रींत करपते व वर्षाचें उत्पन्न बुडतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलॉक्सेरा या मुळांवरील किडीनें मळे उद्ध्वस्त केले. रेल्वेनें दक्षिणेकडील स्वस्त मद्य पॅरिसच्या बाजारांत आणलें. उरलेल्यांस गारठ्यानें खचविलें. १९५० नंतरच्या दशकांत येथें जेमतेम ५०० हेक्टर लागवड राहिली होती.

पुढें बागाइतदारांनीं दोन उपाय हातीं घेतले. पहिला, ओळींमध्यें तेलाच्या शेगड्या पेटविणें. दुसरा, वेलींवर पाण्याचे तुषार सोडणें. गारठ्यांत पाणी शिंपणें विपरीत वाटेल; परंतु पाणी गोठतांना उष्णता बाहेर टाकतें, व बर्फाच्या आवरणांतील डोळा शून्य अंशाच्या आसपास राहून वांचतो. मात्र बर्फ वितळूं लागेपर्यंत तुषार अखंड चालले पाहिजेत. मध्येंच पाणी तुटल्यास न शिंपलेल्या वेलीपेक्षां शिंपलेल्या वेलीची हानि अधिक होते.

या उपायांनीं धीर आला, मागणीही वाढली, आणि आज लागवड ५,००० हेक्टरांहून अधिक आहे. विक्रीची बाजूही शेतकऱ्यांनीं संभाळली आहे. १९२३ सालीं स्थापन झालेली ‘ला शाब्लिझियेन’ ही सहकारी संस्था सभासदांच्या रसाचें मद्य तयार करून विकते. तरीही गारठ्याचें भय सरलेलें नाहीं. एप्रिल २०२१ मध्यें त्यानें पुन्हां मोठें नुकसान केलें.

आपल्याकडे निफाड भागांत थंडीच्या लाटेंत बागाइतदार शेकोट्या पेटवितात. त्यांनीं शाब्लीच्या अनुभवावरून एवढें ध्यानांत ठेवावें, कीं तुषारांचा उपाय पारा शून्याखालीं जाईल तेथला आहे. आणि विहिरीचें पाणी व पंप रात्रभर पुरतील अशी खात्री असल्यावांचून तो आरंभूं नये.